वाचवलेला श्वास

बुधवार, ८ जानेवारी

यंत्रं आली. दोन भलीमोठी खोकी. धाकट्याने ती अशी उचलून आत आणली की मी मध्ये आले असते तर मलाच बाजूला ठेवलं असतं.

धाकट्या म्हणजे माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा हा चौथीत होता, त्यामुळे 'भाऊजी' म्हणणं कधी जिभेवर चढलंच नाही. पोहायला मी शिकवलं, टाकी लावून पाण्यात उतरायलाही मीच. हे गेल्यावर (यांना पाण्याने नाही, यकृताने नेलं) पाण्याखालच्या कामांचा आमचा धंदा आम्ही दोघं चालवतो. निम्मा त्याचा, निम्मा माझा.

आता शहराला पाणी नेणाऱ्या जुन्या बोगद्याचं छत तपासायचं काम मिळालंय. साध्या टाकीने ते जमत नाही. सोडलेला श्वास बुडबुडे होऊन छताला लागतो, तिथला गंज आणि गाळ खाली येतो आणि स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा होतो. म्हणून ही यंत्रं, रिब्रीदर. यात बुडबुडे सुटतच नाहीत. तोंडातून निघालेली हवा नळीतून चुन्याच्या डब्यात जाते, चुना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, शरीराने जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढा यंत्र परत घालतं, आणि तीच हवा पुन्हा आपल्या तोंडात.

"वहिनी, यात श्वास वाचवायचा नसतो हं," धाकट्या म्हणाला. "अभ्यासक्रमात प्रशिक्षकांनी तुझ्याकडे बघूनच शंभरदा सांगितलंय."

मला शिकवतोय! माझी टाकी आजवर कुणाच्या आधी संपली नाही. लोक श्वास घेतात, मी तो पुरवून पुरवून वापरते: हळू आत, थोडा वेळ तसाच धरायचा, मग सावकाश बाहेर. पंचवीस वर्षं हेच केलं, म्हणून तर नाव झालं.

जाता जाता म्हणाला, "चुन्याचे डबे मीच भरत जाईन. तू दोऱ्या बघ." आईंनी (सासूबाईंनी) लगेच कौतुक केलं, किती काळजी करतो म्हणून. मला मात्र प्रश्न पडला, की हा इतका कामसू कधीपासून झाला?

सोमवार, १३ जानेवारी

पाण्याने भरलेल्या जुन्या दगडाच्या खाणीत पहिला सराव. खाली इतकी शांतता की मासे अंगाला घासून जातात. धाकट्या शेजारी भात्यासारखा श्वास घेत होता, त्याच्या नळ्या फुगताना-बसताना दिसत होत्या. मला हसू येत होतं. मी नेहमीसारखीच, जेमतेम हलत होते.

वर आल्यावर डोकं उठलं. कपाळाच्या मागे कुणी आतून दार वाजवतंय असं. धाकट्याला काही नाही. शीळ घालत यंत्र धूत होता.

"डोकं दुखतंय का गं?" त्याने विचारलं. मी काही बोलायच्या आधीच विचारलं. त्याला कसं कळलं?

गुरुवार, १६ जानेवारी

पुन्हा सराव, पुन्हा डोकं. घरी आल्यावर आईंनी एवढंच विचारलं, की चादरी आज धुवायच्या का उद्या. मी अशी अंगावर गेले की त्या आत निघून गेल्या. दारातून म्हणाल्या, "हल्ली पाण्यातून आलीस की तुला काही विचारायची सोय नाही."

पाण्यातून आले की! म्हणजे धाकट्याने त्यांचे कान भरलेत.

आज दोर सांभाळणारा गडी काठावर धाकट्याशी हळू आवाजात बोलत होता. मी जवळ गेले तर दोघं गप्प. या दोरवाल्याने मागच्याच महिन्यात रिब्रीदरचा अभ्यासक्रम पुरा केलाय. दोर सांभाळणाऱ्या माणसाला तो कशाला हवा होता? खाली उतरायला जागा तर दोघांचीच आहे, आणि त्यातली एक माझी.

रविवार, १९ जानेवारी

दोन दिवस पाण्यात गेले नाही. डोकं स्वच्छ. आईंच्या केसांना तेल लावून दिलं, दोघी खूप हसलो. धाकट्या या दोन दिवसांत फिरकला नव्हता. तो नसला की मला काही होत नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

सोमवार, २० जानेवारी

आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डबे कोण भरतं? धाकट्या. चुना जुना असेल, आधीच वापरून मेलेला असेल, तर तो काही शोषणार नाही. माझाच विटका श्वास मला परत मिळेल. आणि डोकं दुखेल! देवाशपथ, हा मला अक्षरशः चुना लावतोय.

त्याने पाठ फिरवल्यावर डबा उघडून पाहिला. दाणे पांढरेशुभ्र. वापरलेला चुना जांभळा पडतो. पण मलाही चार गोष्टी कळतात: तो तसाच ठेवला तर काही वेळाने पुन्हा पांढरा होतो. म्हणजे पांढरा दिसला यावरून काहीच ठरत नाही. उलट, हा इतका पांढरा दिसतो हेच मला खटकलं.

का करेल तो असं? मला काही होऊ नये इतपतच करत असेल. मी दमले, मला झेपत नाही, असं चारचौघांत दिसावं. मग मी काठावर आणि दोरवाला आत. बोगद्याचं काम झालं की असली दहा कामं येतील. माझा निम्मा वाटा नावापुरता उरेल, आणि मी दोरीची गुंडाळी करत बसेन. मला पाण्यातून काढलं तर माझ्यात उरतं काय? घरात मी कुणाची तरी विधवा आहे. पाण्याखाली मी मी असते.

बुधवार, २२ जानेवारी

युक्ती केली. डबे ओळखायला त्याने माझ्या डब्याला लाल चिकटपट्टी लावलीय, स्वतःच्या डब्याला निळी. तो चहा आणायला गेला तेवढ्यात मी पट्ट्या बदलल्या. म्हणजे त्याने माझ्यासाठी भरलेला डबा त्याच्या पाठीवर, आणि त्याचा माझ्या. आज डोकं त्याचं दुखणार!

दुखलं माझंच. नेहमीपेक्षा जास्त. तो शीळ घालत वर आला आणि वरून म्हणाला, "आज मस्त वाटलं ना, वहिनी?"

म्हणजे त्याने पाहिलं होतं आणि पट्ट्या पुन्हा बदलल्या. मला वाटला त्यापेक्षा पुढचा निघाला. लहानपणी गणितात नापास व्हायचा हा.

शनिवार, २५ जानेवारी

परवा गुपचूप नवा, सीलबंद चुना आणला आणि पलंगाखाली ठेवला. आज पहाटे स्वतः डबा भरला, दाणे ठोकून ठोकून बसवले, कुठे पोकळी ठेवली नाही. डबा डोळ्यांआड होऊ दिला नाही. धाकट्या म्हणाला, "अगं, मी भरला असता की." मी म्हटलं, "तुझी पाठ दुखते ना?" त्याची पाठ दुखत नाही. पण तोही हसला, वाद घातला नाही.

डोकं दुखलं. शिवाय खाली एकदा मला आपण कुठे आहोत हेच आठवेना. त्याने हाताने काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. मग इतका राग आला, की त्याच्या तोंडावर लाथ मारावीशी वाटली. का, ते आता आठवत नाही.

म्हणजे चुना नाही. चुना फक्त माझं लक्ष भलतीकडे वळवायला होता. खरी गोम यंत्रात आहे. घरी आणून तोंडाजवळच्या झडपा उघडल्या. सोडलेली हवा मागे येऊ नये म्हणून त्या असतात. पातळ रबर, कुठे चीर नाही, सुरकुती नाही. जे जे तपासावं ते चोख निघतं. इतका चोख माणूस मी आजवर पाहिला नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

धाकट्याने डॉक्टरांकडे पाठवलं. पाठवलं म्हणजे हात धरून नेलं. पाणबुड्यांना तपासणारे डॉक्टर, धाकट्याबरोबर शनिवारी बॅडमिंटन खेळतात. मी मनात म्हटलं, चला, इथेही पाणी मुरतंय.

धाकट्याला त्यांनी बाहेर बसवलं. माझ्या तोंडाला एक मोठी पिशवी लावली. आत ऑक्सिजन भरपूर, पण सोडलेला श्वास तिच्यातच राहणार आणि तोच पुन्हा घ्यायचा. "गुदमरल्यासारखं झालं की काढून टाका," म्हणाले. मी आरामात बसले. समोर त्यांच्या भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यावरच्या बोटी मोजल्या. शेवटी डॉक्टरांनीच पिशवी ओढून काढली.

"बहुतेक लोक केव्हाच धडपडायला लागतात," ते म्हणाले.

"म्हणजे पहिला नंबर," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "कार्बन डायऑक्साइड साठला की शरीर ओरडतं, श्वास घे म्हणून. तुमचं ओरडत नाही. एवढी वर्षं तुम्ही त्याला गप्प बसवलंय. साध्या टाकीवर निभावलं. रिब्रीदरवर श्वास धरून काहीही वाचत नाही, फक्त विष साठतं. चुना कितीही चांगला असू दे, श्वास त्याच्यापर्यंत पोचला तर तो काम करणार ना? तुमचा श्वास तुमच्या छातीतच अडून बसतो. डोकं दुखतं का?"

"कधीतरी."

"चिडचिड? कुणावर उगाच संशय?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा शब्द त्यांना कुणी दिला? माझ्या मनातलं या वहीशिवाय कुणाला ठाऊक नाही.

"हे यंत्र तुमच्यासाठी नाही, बाई. तुम्ही खाली जायचं नाही. ते दिराला तुम्हीच सांगा. तुमच्या परवानगीशिवाय मला सांगता येत नाही. सांगाल ना?"

"सांगते," म्हटलं. सगळं कसं जुळून आलं! बोगदा पुढच्या आठवड्यात, आणि आजच डॉक्टरांना साक्षात्कार.

बुधवार, २९ जानेवारी

"काय म्हणाले डॉक्टर?"

"ठणठणीत, म्हणाले."

"खरंच?"

"विचार की त्यांना. तुझेच मित्र."

त्याने त्यांना फोन केला. ते म्हणाले, तपासणी वहिनींची आहे, त्यांनाच विचारा. धाकट्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही म्हणताय तर ठीकच असणार."

दोन गोष्टी लिहून ठेवते. एक, त्याने मला 'तुम्ही' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी, माझ्या शब्दावर त्याने इतका चटकन विश्वास ठेवला. सरळ मनाचा माणूस चार प्रश्न तरी विचारतो.

सोमवार, ३ फेब्रुवारी

उद्या बोगदा. त्याच्या मागे राहायचं, पुढे नाही. त्याचे हात सतत दिसले पाहिजेत. आई म्हणाल्या, दोघं सांभाळून या. दोघं म्हणाल्या, पण बघत त्याच्याकडे होत्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा पेन धरता येतंय. रुग्णालयात आहे. फुप्फुसात पाणी गेलं होतं, आता बरं आहे. जे आठवतं ते विसरायच्या आत लिहिते.

बोगद्यात तो पुढे, मी मागे. वरच्या तोंडाशी दोरवाला, दोर दोघांच्या कमरेला. छताला बारीक भेगा, मी त्यांची लांबी मोजत होते. पाण्याला उलटी ओढ होती, पाय मारावे लागत होते. पहिला तास चांगला गेला. मग वळण आलं आणि माझ्या मनात आलं, की याने मला मुद्दाम वळणापलीकडे आणलंय, इथे काय झालं ते दोरवाल्याला कळणार नाही. मग वाटलं, दोरवाला तर त्याच्यातलाच. छाती धडधडायला लागली. भिंती जवळ येत होत्या. मला भीती वाटत होती, पण गुदमरल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन.

त्याने वळून दिवा माझ्या तोंडावर मारला. ठीक आहेस का, असं हाताने विचारलं. मी ठीक म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा. मग तो जवळ आला, माझ्या काचेला काच लावून डोळ्यांत बघितलं, आणि त्याचा हात माझ्या तोंडाकडे आला. त्याने कळ फिरवून माझी नळी बंद केली आणि तोंडातून खेचून काढली.

हे मला स्वच्छ आठवतं. केसाने गळा कापतात म्हणतात. याने सरळ हातानेच कापायला घेतला होता.

मी मारलं. कोपराने, मुठीने, मिळेल त्याने. त्याची नळी माझ्या हातात आली, मी ती त्याच्या तोंडातून उपटली. तिच्यातून पाणी आत शिरलं असणार. चुना भिजला की चुलीतल्या निखाऱ्यासारखा जाळतो; त्याने नळी पुन्हा तोंडात घेतली तेव्हा ते पाणी त्याच्या तोंडात, घशात गेलं. त्याचा चेहरा वेडावाकडा झालेला मी दिव्यात पाहिला. तरी त्याने मला सोडलं नाही. माझ्या कुशीला बांधलेल्या राखीव टाकीचं तोंड माझ्या दातांत कोंबलं आणि हनुवटी खालून दाबून धरली. मग बुडबुडे. माझे आणि त्याचे. छतावरून गंज कोसळायला लागला. पुढचं काही नाही.

दोरवाला सांगतो, बाहेर आलो तेव्हाही त्याचा हात माझ्या हनुवटीखाली होता. बोटं सोडवावी लागली. हे सांगताना दोरवाला रडला. मी त्याला याआधी रडताना पाहिलेलं नाही, म्हणून खरं किती ते सांगता येत नाही.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, मी कार्बन डायऑक्साइडने भ्रमिष्ट झाले होते आणि धाकट्याने माझ्या डोळ्यांवरून ते ओळखलं. यंत्रातून तोडून साध्या टाकीवर आणणं हाच एक उपाय होता. त्यांनी नको म्हटलं असतानाही मी उतरले, हे आता त्यांनी धाकट्यालाही सांगितलंय. सगळ्याचा खुलासा होतो. डोकं, चिडचिड, पट्ट्या, चुना, सगळं त्यांच्या एका वाक्यात बसतं. मला वाक्य पटतं. पण रात्री डोळे मिटले की तो हात येतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

धाकट्या रोज दुपारी येतो. घसा भाजलाय, बोलता येत नाही. किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत. आवाज पूर्वीसारखा येईलच असंही नाही. आई म्हणाल्या, "ती शीळ आता कुठली." एवढंच म्हणाल्या आणि खिडकी पुसत राहिल्या.

मी त्याच्याशी खोटं बोलले, हे त्याला माहीत आहे. तरी येतो. खुर्ची पलंगाला लावून बसतो आणि माझ्या छातीकडे बघत राहतो. वर, खाली. ओठ हलतात, काहीतरी मोजतो. काय मोजतो? कशाची वाट बघतो? मला त्याच्याशी चांगलं वागायचंय. पण असं कुणी टक लावून बसलं की मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज मी एक केलं. लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

दुपारी तो आला तेव्हा मी झोपल्याचं सोंग घेतलं. ऑक्सिजन मोजणारं बोटावरचं यंत्र कालच काढलंय, त्यामुळे काही वाजणार नव्हतं. तो बसला, नेहमीसारखा मोजायला लागला. मी पापण्यांच्या फटीतून बघत होते. आणि मी श्वास धरला. म्हटलं, आता बघू. याला काय हवंय ते आता कळेल. श्वास धरण्यात माझा हात कुणी धरत नाही.

थोडा वेळ काही नाही. मग त्याचे ओठ थांबले. तो पुढे वाकला. तळहात माझ्या नाकाशी धरला. मी हलले नाही. खुर्ची मागे पडली. त्याने मला खांद्यांना धरून गदगदा हलवलं आणि तोंड उघडून ओरडला, सगळा गळा ताणून, आणि आवाज आलाच नाही. नुसती फुसफुस. त्या तोंडाची ठेवण वहिनी म्हणत होती, मला दिसत होतं. तो भिंतीवर दोन्ही हातांनी थापा मारायला लागला, कुणी यावं म्हणून. कुणी येईना, तेव्हा परत धावला. माझी हनुवटी वर केली, माझं नाक चिमटीत धरलं आणि स्वतःच्या भाजलेल्या तोंडाने मला श्वास द्यायला वाकला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या गालावर पडत होतं.

असा चेहरा कुणाला करता येत नाही. जगातल्या कुठल्याही लबाड माणसाला नाही.

मी श्वास सोडला आणि डोळे उघडले.

तो आहे तिथेच थांबला. आधी हसला. जीव परत आल्यासारखा हसला. मग माझ्याकडे बघत राहिला. माझे डोळे पुरते जागे होते, त्यात झोप नव्हती, आणि तोही पाणबुड्या आहे. धरलेला श्वास सोडताना कसा सुटतो हे त्याला मीच शिकवलंय.

"मी बघत होते," मी म्हटलं. "तू काय करतोस ते."

तो हळूच सरळ झाला. आणि मग त्याच्या नजरेत आलं, जे मी महिनाभर शोधत होते आणि मला एकदाही सापडलं नव्हतं. तो माझ्या हातांकडे बघत होता. आता ही आणखी काय करेल, असं.

पट्ट्या, पलंगाखालचा चुना, डॉक्टर, सगळं मी भडाभडा सांगितलं. चुकले रे, म्हटलं. बोगद्यातलं विष होतं, पण आजचं विष नव्हतं, आज मी शुद्धीत होते, हे मी सांगितलं नाही. ते त्याला कळत होतं. त्याने खुर्ची उचलून भिंतीला लावली, तोंड बाहीने पुसलं आणि दाराकडे गेला.

"उद्या येशील ना?" मी विचारलं.

तो दारात थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. घसा भाजलाय, त्याला बोलता येत नाही. पण मान हलवायला घसा लागत नाही.